मगदूम डॉक्टरांची ऑस्टिन

"पण धक्का का नाही मारायचा, उस्ताद? चार पोरं बोलवू, सेकंड गिअर टाकू, क्लच सोडू. झाली तर झाली."

बॉनेट उघडं होतं. आत उंदरांनी घर केलं होतं, नळीवर कोळ्याचं जाळं होतं, आणि उस्ताद त्या सगळ्याकडं आजाऱ्याच्या उशाशी उभं राहून बघावं तसे बघत होते... मला त्या बघण्याचा राग येतो. लोखंड आहे ते.

"बंद कशी झाली?" त्यांनी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं.

"डॉक्टर गेले तेव्हापासून बंद आहे. सगळ्या कुरुंदवाडला माहीत आहे."

"कवा, ते न्हाई इचारलं. कशी?"

"म्हणजे?"

"चालता चालता बंद पडली, का चालवणाऱ्यानं बंद केली?"

"काय फरक पडतो?"

"बंद पडलेलं इंजिन येगळं असतंय. बंद केलेलं येगळं."

आता या वाक्याचं काय करायचं? कानाला बरं वाटतं, पान्याला उपयोग शून्य. म्हाताऱ्यांकडं अशी वाक्यं पोत्यानं असतात.

उस्ताद म्हणजे हुसेन नायकवडी. नाक्यावर त्यांचं गॅरेज आहे. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडून मी तिथं आलो. आमच्या घरात पाहुणे असले की 'पोरगं जरा ब्रेक घेतंय' आणि पाहुणे गेले की 'वाया गेलं'. उस्तादांनी काहीच विचारलं नाही. रॉकेलचा डबा पुढं सरकवला आणि म्हणाले, "धू." तेव्हापासून मी पार्ट धूत होतो. इंजिन एकट्यानं उघडायला कधी दिलं नाही. ते मला 'इंजिनेर' म्हणायचे. प्रेमानं म्हणत असतील. मला ते टोमण्यासारखंच लागायचं.

आणि ही ऑस्टिन. मगदूम डॉक्टरांची. डॉक्टर गेले, तशी बायकोनं ती मागच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर चढवली आणि दार लावून घेतलं. महापुराचं पाणी दोनदा शेडच्या उंबऱ्याला लागून परत गेलं. गाडी तिथंच.

आता बाई हुबळीला मुलीकडं निघाल्या होत्या, कायमच्या. गाडी बेळगावच्या एका शौकिनानं घेतली होती. इंजिन चालतं की नाही, त्याला पडलेली नव्हती. काचेच्या खोलीत उभी करून वरून दिवे सोडणार होता. सोमवारी सकाळी ट्रक येणार होता.

बाईंचं एकच म्हणणं होतं. गाडी जायच्या आधी एकदा ती ऐकायची.

"एकदाच रे हुसेन," त्या म्हणाल्या होत्या. "मग न्या कुठं न्यायची तिथं."

म्हणून आम्ही आलो होतो.

"हँडल लाव," उस्ताद म्हणाले.

मी इंजिन हातानं फिरवायचं ते हँडल पुढच्या भोकात लावलं. पाय रोवले आणि अंगातलं सगळं घातलं. हँडल हललं नाही. गाडी मात्र ठोकळ्यांवर करकरली.

"पुन्हा?"

"नको. तुझ्यात जोर हाय, ते कळलं तिला. आता प्लग काढ."

चारी प्लग काढले. उस्तादांनी प्रत्येक भोकात थोडं थोडं तेल सोडलं. कळशीतून तुळशीला पाणी घालावं तसं, घाई नाही, सांडलं नाही.

"आता रोज सांजच्याला यायचं. हँडल लावायचं. निस्तं हाताचं वजन द्यायचं. मग घरला जायचं."

"आणि नाही फिरलं तर?"

"तर येऊन गेलास."

"धक्का मारला असता तर आत्ता कळलं असतं."

"व्हय. पिस्टनच्या रिंगा तुटल्याचं कळलं असतं."

हे मात्र खरं होतं. त्याचा जास्त राग आला.

मग मी रोज जात राहिलो. हँडल लावायचं, हात ठेवायचा, काही होत नाही हे बघायचं, घरी जायचं. गाढवपणा वाटायचा. आमची पिढी मोबाइलमध्ये बोटं घालून बसते म्हणून हे लोक कावतात, आणि स्वतः मला जाम लोखंडावर हात ठेवून उभं करतात.

बाई चहा घेऊन यायच्या. ऐंशीच्या पुढच्या, पण कप हलायचा नाही हातात.

"मागच्या सीटवर तीन बाळंतपणं झालीत," त्या एकदा म्हणाल्या. "दवाखान्यापर्यंत कुठला दम निघतोय. त्यातला एक आता नगरसेवक आहे. सांगत नाही कुणाला."

"का?"

"ऑस्टिनमध्ये जन्मलो म्हटलं तर मतं जातील ना रे."

मी हसलो. हसायचं नव्हतं.

त्या गाडीला हात लावायच्या नाहीत. शेडच्या दारातूनच बोलायच्या. शिरोळचा रस्ता कसा होता, नावेतून गाडी पलीकडं न्यायची तेव्हा डॉक्टर आतच बसून राहायचे आणि बाई काठावरून ओरडायच्या की उतरा हो, बुडाल... तेव्हाची नदी, तेव्हाची माणसं, तेव्हाचा ऊस. यांचं सगळं तेव्हाचंच. आत्ताचं म्हणून यांच्याकडं काही आहे की नाही? मी विचारणार होतो. पण चहा चांगला होता.

डॅशबोर्डच्या कप्प्यात लिमलेटच्या गोळ्या सापडल्या, कागदाला चिकटून एक ढेकूळ झालेलं. उस्तादांनी ते हातात घेतलं आणि वास घेतला.

"सुई टोचायच्या आधी एक द्यायचे," ते म्हणाले.

"तुम्हाला?"

"मला दोन. मी लाथा मारायचो."

शुक्रवारी हँडल खाली गेलं.

मी जोर लावला नव्हता. खरं तर लक्षही नव्हतं. बापाशी सकाळी झालेलं भांडण डोक्यात चालू होतं, त्यानं काय म्हटलं आणि मी काय म्हणायला हवं होतं. आणि हात आपोआप खाली जायला लागला. सावकाश... चिकट... झोपेतला माणूस कूस बदलतो तसं ते आतून वळलं.

मी ओरडलो. शेडमध्ये कुणी नव्हतं, तरी ओरडलो.

उस्तादांना सांगितलं. ते पान लावत होते. मान हलवली.

"बाकीचं तू कर."

"मी? एकटा?"

"जेवढं अडलंय तेवढंच सोडव. बाकीला हात लावू नगं."

'तू कर' एवढंच ऐकायला मी थांबलो होतो. पहिलं वाक्य ऐकलं आणि निघालो.

शनिवार-रविवार मी शेडमध्येच होतो. उंदरांचं घर उपसलं. पॉइंट घासले. प्लग साफ केले. कार्ब्युरेटर उघडून धुतला. त्यात जुनं पेट्रोल लाखेसारखं बसलं होतं. टाकी गंजलेली होती, म्हणून डॉक्टरांच्या दवाखान्यातला सलाइनचा स्टँड आणला, बाटलीत ताजं पेट्रोल भरलं, नळी खाली सोडली. रेडिएटरमध्ये पाणी, इंजिनात नवीन तेल, गॅरेजमधून आणलेली बॅटरी.

आणि मग वरचं झाकण काढलं. टॅपेट बघायला.

खालच्या शाफ्टनं ढकललं की टॅपेट व्हॉल्व्ह दाबतो. मध्ये केसाएवढी फट ठेवायची असते. त्या फटीसाठी पत्र्याच्या पात्यांचं गेज मिळतं. पातं घालायचं, स्क्रू फिरवायचा, नट आवळायचा. आठातले सात ठीकठाक होते. तिसरा मात्र एवढा सैल की हातानं खुळखुळत होता.

मला हसू आलं. इतकी वर्षं डॉक्टरांची गाडी म्हणून सगळं गाव हात जोडत होतं, उस्ताद स्वतः ती बघत होते, आणि हा टॅपेट कुणाला दिसला नाही? की दिसला आणि 'चालतंय ना, चालू दे' म्हणून सोडला? या लोकांनी आम्हाला सगळं असंच दिलंय. खुळखुळणारं. वर म्हणायचं, आमच्या काळात वस्तू कशा दणकट होत्या.

मी आठही टॅपेट गेजनं लावले. पातं न अडकता, न सैल होता सरकत होतं. झाकण बसवलं.

इतकी वर्षं कुणी केलं नव्हतं, ते मी केलं होतं.

रविवारी दिवेलागणीला उस्ताद आले. बाईंनी शेडची दारं पूर्ण उघडायला लावली. समोर अंगण, अंगणापलीकडं स्वयंपाकघराचं दार.

"या ना, इथं खुर्ची टाकतो," मी म्हणालो.

"नको. मी आतच बसते."

"आतून काय दिसणार?"

"बघायची कुठं आहे मला? आणि ती घरी यायची तेव्हा बाहेर उभं राहून मी कधी ऐकलीच नाही रे. मी आतच असायची." त्या गेल्या. जाताना दार लोटून घेतलं.

मी किल्ली फिरवली, पुढं आलो आणि हँडल मारलं. एकदा... दुसऱ्यांदा खोकल्यासारखं काही तरी झालं, धूर आला.

तिसऱ्या वेळी ती सुरू झाली.

काय सांगू? शिलाई मशीनसारखी. एक अडखळ नाही, एक खरखर नाही. रेडिएटरवर पाण्याचा पेला ठेवला असता तर थेंब सांडला नसता.

मी उस्तादांकडं बघितलं. ते इंजिनाकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते.

"टॅपेट उघडलास?"

"सगळे लावले. गेजनं. तिसरा तर पार गेला होता."

"चांगलं लावलंस," ते म्हणाले.

आम्ही थांबलो. अंगणापलीकडचं दार लोटलेलंच राहिलं.

बराच वेळ गेला. बाटलीतलं पेट्रोल बोटभर उतरलं.

"रडत असतील," मी म्हणालो. मला तेच हवं होतं, खरं तर. कुणीतरी रडावं आणि ते मी केलेल्या कामामुळं असावं.

"जा. बघून ये."

मी अंगण ओलांडून गेलो, दार ढकललं. बाई पाटावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे मिटलेले, हात मांडीवर. देवळात पूजा सुरू व्हायच्या आधी बायका बसतात तशा.

"बाई..."

त्यांनी डोळे उघडले.

"थांबलात होय? बरं केलंत. रस्त्यावर कुणाची तरी गाडी येऊन उभी राहिलीय बघ. नवीन दिसतीय. ती जाऊ दे, मग करा सुरू. त्या आवाजात मला आमची कळायची नाही."

मी 'बरं' म्हणालो आणि दार लोटून घेतलं.

शेडपर्यंत येईतो मला राग चढला होता.

"ऐकू येत नाही म्हातारीला!"

"येतंय," उस्ताद म्हणाले. "लई चांगलं येतंय."

"म्हणतात, कुणाची तरी गाडी उभी आहे!"

"हाय की."

"उस्ताद, ही त्यांचीच गाडी आहे!"

"तू काय सोडवलंस?"

"जे अडलं होतं ते."

"टॅपेट अडलेला का?"

"तो बिघडलेला होता!"

"बिघडलेला व्हता. अडलेला न्हवता. तसाच चालत व्हता, रोज, गावभर."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस?"

ही यांची दुसरी खोड. सगळं माहीत असतं, तोंड उघडत नाहीत, आणि आपण आपटलो की 'इचारलंस?' माझ्या बापाचंही तेच.

"काय विचारायचं होतं मी?"

"आवाज कसा व्हता."

इंजिन चालत होतं. गोड, एकसारखं. मला ते आता ऐकवेना.

उस्तादांनी खिशातून पाना काढला. मला वाटलं, आता बाजूला हो म्हणतील. पण त्यांनी तो माझ्यापुढं धरला. दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर.

"झाकण काढ. तिसरा सोड."

"चालू इंजिनावर?"

"चालूवरच."

"पण ते चुकीचं आहे. फट जास्त झाली की ठोकतो तो. व्हॉल्व्ह झिजतो."

"व्हय, झिजतोय. उद्याच्याला बेळगावकराचा व्हईल तवा त्याच्यासाठी नीट कर. आत्ता अजून डॉक्टरांचा हाय."

मी झाकण काढलं. टॅपेट नाचत होते, तेल मनगटावर उडत होतं. नट सैल केला, स्क्रूला ड्रायव्हर लावला आणि थांबलो.

"किती सोडू?"

"जेवढा व्हता तेवढा."

"मी मापला नव्हता. गेज द्या ना."

उस्ताद पहिल्यांदा हसले.

"बरोबर लावायला गेज मिळतंय बाजारात, इंजिनेर. ह्याला न्हाई मिळत."

ते मडगार्डला टेकले आणि डोळे मिटले.

मी पाव फेरा सोडला. बारीक टिकटिक आली.

त्यांनी मान हलवली. नाही.

आणखी थोडा. आवाज जाड झाला. नाही.

आणखी.

"ही बैलगाडी झाली," ते डोळे न उघडता म्हणाले. "मागं ये."

मागं आलो. पुन्हा पुढं. कॉलेजमध्ये दोन वर्षं मी जेवढं लक्ष दिलं नसेल, तेवढं मी त्या चुकीकडं देत होतो. मी ती कधी ऐकली नव्हती. डॉक्टर गेले तेव्हा मी रांगत असेन. माझ्याकडं उस्तादांच्या मिटलेल्या पापण्यांशिवाय काही नव्हतं. पापण्या आवळल्या की जास्त, ढिल्या पडल्या की कमी.

मग एका जागी त्यांचा चेहरा बदलला.

कसा, ते सांगता येणार नाही. त्यांचं वय कमी झालं, एवढंच म्हणतो. सुईला घाबरून लाथा मारणारं पोर तिथं उभं आहे असं मला क्षणभर दिसलं... मी नट आवळला.

टक्... टक्... टक्... टक्... त्या गोड आवाजाच्या मधोमध, एका पायानं जरा लंगडणाऱ्या माणसासारखं.

अंगणापलीकडचं दार उघडलं.

बाई उंबऱ्यावर आल्या. पदर नीट केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, उस्तादांकडं बघितलं नाही, उघड्या बॉनेटकडंही नाही. त्या गाडीच्या उजव्या, चालवणाऱ्याच्या दाराकडं बघत होत्या.

बराच वेळ उभ्या राहिल्या. मग दारातून जराशा बाजूला सरकल्या. कुणाला आत यायला वाट द्यावी तशा.

बाटलीतलं पेट्रोल संपत आलं होतं. मी हात पुसले, उजव्या बाजूला गेलो आणि किल्ली बंद करायला दाराच्या मुठीला हात घातला.

उस्तादांनी माझं मनगट धरलं.

"थांब की लेका. उतरू दे डॉक्टरांना."